गोष्ट बेताची, अभिनय तगडा: 'अशी ही बनवाबनवी' नीट उघडून बघताना

आमच्या ग्रुपची एक विनोदी एकांकिका स्पर्धेत पडली तेव्हा परीक्षकांनी कागदावर एकच ओळ लिहून दिली होती, अभिनय उत्तम, संहिता बेताची. ती ओळ मला पुढे कितीतरी दिवस सतावत राहिली, कारण लोक हसले होते, चांगले दोन तीन ठिकाणी टाळ्या पण पडल्या होत्या, आणि तरी प्रयोगानंतर आमच्याच मित्रांना विचारलं की काय आठवतंय तर कुणाला धड एक वाक्य सांगता येईना. मग मी उलट बाजूने विचार करायला लागलो. मराठीत जो पिक्चर आख्ख्या घराला पाठ असतो, आजी आणि नातू दोघं एकाच ठिकाणी हसतात, त्या 'अशी ही बनवाबनवी'ची गोष्ट तरी कुठे एवढी मोठी आहे? ती पण बेताचीच आहे. मग तिथे जे टिकलं ते आमच्याकडे का नाही टिकलं? हा शोध घ्यायचा म्हणून मी तो पिक्चर वही घेऊन बसून पुन्हा बघितला, एकदा नाही, चार वेळा, एकदा तर आवाज पूर्ण बंद करून, आणि प्रत्येक सीनपुढे फक्त एवढंच लिहीत गेलो की इथे कुणाला काय हवंय आणि ते न मिळाल्यास त्याचं काय बिघडणार आहे. हे सगळं लिखाण त्या वहीतून आलंय.

आधी गोष्ट बेताची आहे असं मी का म्हणतो ते सांगतो, कारण हे वाक्य वाचूनच काहीजण चिडतील आणि त्यांचं चिडणं मला समजतं, माझा पण हा जीव की प्राण पिक्चर आहे. १९८८ चा हा सिनेमा, दिग्दर्शन सचिन पिळगावकरांचं, निर्मिती किरण शांताराम यांची. पण मूळ कल्पना त्याआधी बावीस वर्षांची, हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान' या हिंदी सिनेमातली. तिथेही घर मिळत नाही म्हणून मित्रांपैकी दोघं साडी नेसतात, विश्वजीत आणि केश्टो मुखर्जी, आणि त्यांच्यासोबत मेहमूद. म्हणजे गोष्ट नवी नाहीच. आणि पुरुषाने बाई बनून घरात शिरायचं ही युक्ती तर रंगभूमीवर त्याच्याही आधीपासूनची, आचार्य अत्र्यांचं 'मोरूची मावशी' एका इंग्रजी नाटकावरून आलं आणि ते इंग्रजी नाटक १८९२ सालचं.

बरं, कल्पना जुनी असली तरी बांधणी घट्ट असू शकते, पण तसंही नाहीये. कागदावर मांडून बघा. धनंजय माने पुण्यात सरपोतदारांकडे भाड्याने राहतो, भाऊ शंतनू शिकायला येतो, पाठोपाठ सुधीर आणि परश्या येऊन थडकतात, मालकाशी बिनसतं, खोली जाते. लीलाबाई काळभोर यांचा बंगला मिळतोय पण त्या जोडप्यांनाच ठेवून घेणार. मग सुधीरची सुधा होते, ती शंतनूची बायको, आणि परश्याची पार्वती होते, ती धनंजयची बायको. इथपर्यंत झकास. यानंतर मात्र चौघांसाठी चार मुली हजर होतात आणि योगायोगाने त्या सगळ्यांच्या वाटा त्याच बंगल्याशी येऊन मिळतात, प्रत्येकाचं एक गाणं, एक रुसवा, एक गैरसमज, आणि शेवटी सगळं उघडकीला येऊन माफी. हे नुसतं वाचायला दिलं तर कुणीही म्हणेल ठीक आहे, चालतंय. हेच माझं प्रकरण. चालतंय अशा गोष्टीवर असा सिनेमा कसा उभा राहिला, आणि कुठे कुठे तो उभा राहत नाही.

माझ्या वहीतलं पहिलं निरीक्षण असं की पहिल्या अर्ध्या भागात प्रत्येक सीनच्या खाली एकच भीती आहे, डोक्यावरचं छप्पर जाईल. आणि ही भीती लेखकाने कल्पनेतून काढलेली नव्हती. त्या काळात भाड्याचं घर म्हणजे काय प्रकार होता हे घरातल्या मोठ्यांना विचारा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठलेली होती आणि एकदा बसलेला भाडेकरू उठवणं मालकाला फार जड जायचं, कोर्टात वर्षानुवर्षं जायची, म्हणून मालक माणूस पारखूनच आत घ्यायचे. एकटा पुरुष नको, पाहुणे नकोत, फॅमिली असेल तर बघू. राज्यात नवीन भाडे कायदा आला तो १९९९ चा, लागू झाला २००० मध्ये, म्हणजे हा पिक्चर आला तेव्हा थिएटरात बसलेल्या कितीतरी लोकांनी स्वतः मालकाच्या अशा अटी ऐकलेल्या असणार. त्यामुळे दोन पुरुष साडी नेसतात ही गोष्ट कितीही अशक्य असली तरी ती ज्या गरजेतून येते ती गरज शंभर टक्के खरी. उपाय खोटा, गरज खरी. आणि नटाला पकडायला लागते ती गरज. उपाय कितीही वेडावाकडा असू दे, गरज खरी असेल तर नट त्याला खरं करून दाखवतो, हे मला इथे पहिल्यांदा नीट दिसलं.

आता तो सत्तर रुपयांचा सीन घेऊ, सगळ्यांना माहीत असलेला, पण जरा थांबून बघण्यासारखा आहे. सरपोतदारांना डायबेटिस, माने त्यांना मित्राकडून परदेशी औषध आणून देतो, इस्रायलचं. सरपोतदारांनी पैसे दिलेले आहेत, त्यातले सत्तर रुपये यायचे बाकी. माने सांगतो की औषध आणून देणारा तो मित्र वारला. सरपोतदार हळहळतात. आणि मग तो सांगतो की ते सत्तर रुपये पण वारले. बास. एवढाच सीन.

यात अशोक सराफ काय करतात ते आवाज बंद करून बघा, मी बघितलंय, ते काहीच करत नाहीत. हसत नाहीत, डोळा मारत नाहीत, प्रेक्षकांकडे बघत नाहीत. एखाद्याच्या घरी समाचाराला गेलेला माणूस जसा खालच्या आवाजात बोलतो तसे ते बोलतात, मित्र वारला म्हणताना जो चेहरा तोच रुपये वारले म्हणताना. समोर सरपोतदारांच्या भूमिकेत सुधीर जोशी. त्यांची अडचण किती बारीक आहे बघा, माणूस गेलाय अशी बातमी आल्यावर लगेच पैशाचं विचारणं हे सभ्य माणसाला शोभत नाही, आणि सरपोतदार स्वतःला फार सभ्य समजतात, पण सत्तर रुपये पण सुटत नाहीत. सुधीर जोशींच्या चेहऱ्यावर या दोन गोष्टी एकमेकींना ढकलत असतात आणि आपण त्याला हसतो. मानेच्या लबाडीला त्या मानाने कमी हसतो, हे माझं मत, पटत नसेल तर पुढच्या वेळी फक्त सरपोतदारांकडे बघत तो सीन बघा.

आणि यात भाषेने पण काम केलंय. वारला हा शब्द आपण माणसासाठीच वापरतो, आदराने म्हणायचं तर वारले. आता रुपये हा शब्द मुळातच अनेकवचनी, त्यामुळे रुपये वारले हे व्याकरणात इतकं सहज बसतं की कानाला आधी चूक कळतच नाही, उलट पैशाला आदरार्थी बहुवचन मिळाल्यासारखं होतं. अर्धा सेकंद गेल्यावर डोक्यात उजेड पडतो. सराफ तो अर्धा सेकंद देतात, वाक्य संपल्यावर हलत नाहीत. वसंत सबनीसांनी लिहिलेले संवाद आहेत हे, 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारे सबनीस, लोकनाट्यातला बोलण्याचा ठेका रक्तात असलेला माणूस. म्हणून इथे एक फरक स्पष्ट करून टाकतो कारण यावर माझा मित्रांशी वाद झालाय. गोष्ट वेगळी आणि संवाद वेगळे. मी बेताची म्हणतोय ती गोष्ट, म्हणजे घटनांची साखळी, कशामुळे काय घडतं ते. संवाद बेताचे नाहीत, ते अव्वल आहेत. आमच्यातला एकजण म्हणाला की मग सगळं श्रेय लेखणीला दे, अभिनयाचं कौतुक कशाला. तर मी ती वाक्यं कागदावर उतरवून ग्रुपमधल्या तिघांना सरळ वाचायला लावली, ज्यांनी पिक्चर पाठ केलेला नाही अशा दोघांना पण, आणि पाच सहा वाक्यं सोडली तर बाकीची कोरडी वाटली. उदाहरणार्थ धनंजय माने इथंच राहतात का हा प्रश्न. यात विनोद कुठे आहे? हा तर पत्ता विचारणं झालं. पण जिथे एकट्या माणसाला कशीबशी खोली मिळालीये तिथे दारात उभं राहून लक्ष्मीकांत बेर्डे मोकळ्या गळ्याने, जराही न लाजता तो प्रश्न विचारतात, आणि आपल्याला कळतं की आता मानेचं काही खरं नाही. हसू त्या प्रश्नाला येत नाही, मानेवर कोसळणाऱ्या संकटाला येतं, आणि ते संकट लक्ष्याच्या आवाजातल्या निरागसपणाने मोठं होतं. त्याला बिचाऱ्याला माहीतच नाही की आपण काय करतोय.

सुधा आणि पार्वती यांच्यावर वेगळं लिहायलाच पाहिजे. बाईचा वेष घेतलेला पुरुष मराठी प्रेक्षकाला नवा नाही, बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा, त्यांच्या साड्यांची आणि चालण्याबोलण्याची नक्कल त्या काळातल्या बायका करायच्या असं आपण ऐकत आलोय. म्हणजे आपल्याकडे स्त्रीपार्टाला एक इज्जत होती, ती मस्करी नव्हती, ती कला होती. मला वाटतं सचिनची सुधा त्या परंपरेच्या जवळ जाते. पदर सावरणं, मान किंचित कलती ठेवणं, पावलं छोटी, आवाज पातळ पण किरटा नाही. बाईची टिंगल करायला ते बाई झालेले नाहीत. समोरच्या लीलाबाईला खरंच पटायला पाहिजे म्हणून बाई झालेत, नाहीतर घर गेलं. आणि बेर्डेंची पार्वती अगदी उलट टोक. तिच्या अंगात परश्या मावत नाही. बसताना, चालताना, चिडल्यावर, आतला परश्या बाहेर डोकावतोच. दोघांनी एकसारखं केलं असतं तर पाच मिनिटांत कंटाळा आला असता. एक जण खोटं नीट बोलतोय आणि दुसऱ्याला ते नीट बोलताच येत नाहीये, त्यामुळे सुधेला स्वतःचं सोंग सांभाळून पार्वतीचंही झाकावं लागतं, आणि त्या झाकाझाकीतच दोन जावांचं एक नातं तयार होतं जे पटकथेत कुठेही लिहिलेलं नसेल असं मला वाटतं, ते दोघांनी एकमेकांकडे बघून तयार केलंय.

मराठीत हे सोंग आणखी अवघड का आहे तर आपली भाषा पावलोपावली लिंग विचारते. जातो की जाते, आलो की आले, माझा की माझी, प्रत्येक वाक्यात खोटं नव्याने बोलावं लागतं. ओळख करून देताना जीभ घसरते आणि हा माझा बायको पार्वती असं वाक्य बाहेर पडतं, तेव्हा घसरलाय फक्त हा आणि माझा, पण तेवढ्यात सगळं खरं बाहेर आलं, व्याकरणानेच चुगली केली. मी वहीत या वाक्यापुढे मोठा गोल केलाय. ही चूक नटाने मुद्दाम केली असं एक क्षण जरी वाटलं तरी सगळी मजा गेली असती, ती भीतीतून आली असं वाटतं म्हणून ती चालते.

लीलाबाईंबद्दल लोक कमी बोलतात, मला ते बरोबर वाटत नाही. नयनतारा यांनी ती भूमिका केलीये आणि माझ्या मते अर्धा सिनेमा त्यांच्या खांद्यावर आहे. विचार करा, ही घरमालकीण खाष्ट, कंजूष, दुष्ट दाखवली असती तर काय झालं असतं? तिला फसवताना आपल्याला काहीच वाटलं नसतं, नुसती मजा. पण लीलाबाई या पोरींवर खरंच जीव लावतात, सुना असल्यासारखं बघतात, त्यांचं कौतुक करतात, काळजी करतात. त्यामुळे खोटं बोलणं हळूहळू जड व्हायला लागतं, प्रत्येक लबाडीबरोबर मनात एक टोचणी येते की हिला कळल्यावर हिला काय वाटेल. त्या एका नटीने कुठेही विनोद केला नाही, पूर्ण वेळ सरळ खेळल्या, समोर चाललंय ते सगळं खरं मानून. विनोदी नाटकात काम करणाऱ्या प्रत्येकाने ही भूमिका बघावी, विशेषतः ज्यांना वाटतं की आपल्या वाट्याला हशा आला नाही म्हणजे आपला रोल छोटा. आमच्या एकांकिकेत असा एक रोल होता, सासऱ्याचा, आणि तो करणाऱ्या मुलाने प्रत्येक तालमीत त्यात एखादी गंमत घालायचा हट्ट धरला आणि आम्ही ती घालू दिली. आज वाटतं की तिथेच आमचं खरं वाटणं संपलं, कारण फसवला जाणारा माणूसच जर गंमत करायला लागला तर फसवणाऱ्याला भीती कुणाची.

शंतनूच्या भूमिकेत सिद्धार्थ राय आहेत, शांत, थोडे बाजूला, आणि तसं कुणीतरी लागतंच, चौघेही धावायला लागले तर कुठे बघायचं ते कळत नाही.

आता जिथे पिक्चर ढिला पडतो तिकडे येतो. बंगल्यात बस्तान बसलं की घर जाण्याची भीती मागे पडते, आणि तिच्या जागी येतात प्रेमप्रकरणं. माझ्या वहीत इथून पुढे 'कुणाला काय हवंय' या रकान्यात तेच तेच उत्तर यायला लागलं, लग्न. चारही जणांना लग्न. चौघांची गरज एकसारखी झाली की सीन पण एकसारखे वाटायला लागतात, नावं फक्त बदलतात. मनीषाच्या भूमिकेत सुप्रिया, सुषमा म्हणजे निवेदिता जोशी, कमळी प्रिया अरुण, तिघीही चांगल्या, पण त्यांना करायला फार काही दिलेलंच नाही, मुली येतात, गैरसमज होतो, रुसतात, मानतात. अरुण पौडवालांचं संगीत कानाला गोड आहे आणि हृदयी वसंत फुलताना लागलं की मी आजही आवाज वाढवतो, पण गाण्याआधी आणि गाण्यानंतर गोष्ट जिथे होती तिथेच असते.

पार्वतीच्या डोहाळजेवणाचा भाग तर मला फार काळ आवडता होता, चौथ्यांदा बघताना मात्र खटकला. खोटी बायको ठीक, ती घरासाठी, पण खोटं पोट कशासाठी? तिथे कुणाची कसली खरी अडचण सुटते हे मला वहीत लिहिता आलं नाही. मजा आहे, गाणं आहे, बेर्डे धमाल करतात, त्यांच्या अंगातली ताकद त्या गाण्यात ओसंडून वाहते, पण नीट बघितलं तर तिथे ते जास्त मेहनत करतायत, हातवारे मोठे झालेत, चेहरा जास्त हलतोय. पत्ता विचारण्याच्या सीनमध्ये जे फक्त आवाजाने झालं होतं ते इथे आख्खं शरीर वापरून करावं लागतंय. खाली गरजेचा आधार नसला की नट स्वतःच्या जिवावर सीन उचलतो, आणि बेर्डेंसारखा माणूस तो उचलतोसुद्धा, आपण हसतो पण, पण त्यातली एखादी ओळ आपण पुढे रोजच्या बोलण्यात वापरत नाही. तपासून बघा, घराघरात जी वाक्यं बोलली जातात त्यातली बरीचशी घर मिळवण्याच्या नाहीतर पकडले जाण्याच्या प्रसंगातली आहेत. डोहाळजेवणातलं आपल्याला गाणं आठवतं, संवाद आठवत नाही.

विजू खोटे यांचा बळी हाही असाच, एवढा मुरलेला नट, पण तो गोष्टीला बाहेरून चिकटवल्यासारखा वाटतो, काहीतरी धोका पाहिजे म्हणून आणलेला. आणि शेवट घाईत आहे. इतकी माया लावणाऱ्या बाईला एवढं मोठं फसवलंय, तिचा राग, तिचं दुखावणं याला थोडा जास्त वेळ मिळायला हवा होता, नयनतारांनी तो भरून काढला असता. आणि पिक्चरमध्ये केलाय तसा नवऱ्याने टाकलेली बाई हा हसण्याचा विषय करणं मला आज जमत नाही, तेव्हा ते चालून गेलं.

पण या ढिल्या भागातसुद्धा एक धागा शेवटपर्यंत ताठ राहतो, धनंजय आणि माधुरीचा. आणि तो का राहतो हे कळल्यावर मला माझं उत्तर मिळालं असं वाटलं. धनंजय माधुरीच्या दुकानात नोकरी करतो, अश्विनी भावे त्याच्या मालकीण. आता बघा, बंगल्यात राहायचं तर तो लग्न झालेला असायला हवा आणि दुकानात प्रेम जुळायचं तर तो अविवाहित असायला हवा. एकच माणूस, दोन ठिकाणी दोन उलटी खोटी, आणि दोन्ही गमावण्यासारखी, एकीकडे घर, दुसरीकडे नोकरी आणि ती बाई. म्हणजे या धाग्यात घराची जुनी भीती अजून जिवंत आहे, तिच्यावर प्रेमाची नवीन भीती चढलीये. म्हणून इथे सराफांना जास्त काही करावं लागत नाही, माधुरी बंगल्याच्या दिशेने एक पाऊल टाकते म्हटल्यावर त्यांचा श्वास अडकतो आणि आपला पण. अश्विनी भावेंनी पण माधुरीला गोड बाहुली केलं नाही, दुकान चालवणारी, माणूस जोखणारी, थोडी करारी बाई केलीये, त्यामुळे तिला फसवणं धोक्याचं वाटतं. इतर तीन जोड्यांमध्ये सत्य कळलं तर मुलगी रुसेल एवढंच, इथे कळलं तर धनंजयचं आख्खं आयुष्य विस्कटेल.

हे तिघे मुख्य नट त्या वेळी कुठल्या टप्प्यावर होते हे पण लक्षात घेतलं पाहिजे. अशोक सराफ 'पांडू हवालदार'च्या म्हणजे १९७५ च्याही आधीपासून पडद्यावर, रंगभूमीवर त्याआधीपासून. सचिन लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर, 'हा माझा मार्ग एकला'पासून. बेर्डे 'टुरटूर'सारख्या नाटकातून तापून आलेले. दिग्दर्शक स्वतः त्या सीनमध्ये साडी नेसून उभा आहे आणि समोर ज्यांच्याबरोबर आधी काम केलंय अशी माणसं, 'गंमत जंमत' त्याच्या आदल्याच वर्षीचा. एकमेकांना जागा सोडणं हे अशा टीमलाच जमतं. कुणी कुणाच्या हशावर बोलत नाही. आवाज बंद करून बघताना हे फार स्पष्ट दिसतं, एक बोलत असतो तेव्हा बाकीचे तिघे ऐकतात, नुसते उभे राहून स्वतःच्या वाक्याची वाट बघत नाहीत. आमच्या एकांकिकेचं रेकॉर्डिंग मी असंच आवाज बंद करून बघितलं आणि आमचे पाचही जण सतत काही ना काही करत होते, कुणी खांदे उडवतंय, कुणी मागे तोंड वाकडं करतंय, एकही जण ऐकत नव्हता. प्रत्येकाचा अभिनय उत्तम हे परीक्षकांचं म्हणणं त्यांच्या जागी खरं असेलही, पण आम्ही पाच उत्तम नट एकाच स्टेजवर पाच वेगवेगळ्या एकांकिका करत होतो.

संहिता मग आम्ही बदलली का? थोडीशीच. मुळात ती एका खोट्या लग्नपत्रिकेची गोष्ट होती, एकाने मित्रांना चकवायला छापलेली. चकवायला, म्हणजे कशालाच नाही. कितीही मोठं सोंग आणलं तरी ते फसल्यावर त्या पोराचं काय जाणार होतं, तर काहीच नाही. आम्ही एवढंच केलं की त्या पत्रिकेवर त्याला रजा मिळालेली आहे, आणि रजा आईच्या ऑपरेशनसाठी हवी होती पण त्या कारणासाठीची रजा त्याची आधीच संपलेली आहे. बाकी प्रसंग जवळपास तेच, योगायोग तेच, शेवट तोच. मग पहिल्या तालमीला साहेबाचं काम करणारा मुलगा दारातून आत आला आणि म्हणाला, काय रे, नवरी कुठंय, आणि आमच्या मुख्य नटाने, जो याच वाक्यावर आधी दोन्ही हात डोक्याला लावून गोल फिरायचा, त्याने या वेळी काहीच केलं नाही, तो फक्त साहेबाच्या हातातल्या रजेच्या अर्जाकडे बघत उभा राहिला.